म्हाताऱ्या दुर्बिणीला झूमचं बाशिंग

वीसपट दाखवणाऱ्या आमच्या जुन्या स्पॉटिंग स्कोपला झूम नेत्रभिंग बसवायचं, असं ठरलं तेव्हाच घरात कुणीतरी शिंकलं होतं. नवं भिंग ८ ते २४ मिलीमीटरचं, नळी सव्वा इंची. स्कोपचे आटे कुठल्या जमान्यातले, देव जाणे. मग मधे एक पितळी रिंग हवी. माधवनगरात लेथवाल्याला काय तोटा? मिस्त्रींनी कॅलिपर लावला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "दोन-चार मिली जाड राहिली तर काय हुतंय सर, पान्यात धरायला बरी."

काय हुतंय ते गच्चीवर कळलं. नेत्रभिंग मागं सरकलं की लांबचं फोकस होत नाही, जवळचं झकास होतं. समोरच्या कुरडयांची एकेक तार मोजता येते. मायणीच्या तलावावरचे रोहित मात्र गुलाबी धुकंच राहणार.

रिंग पुन्हा कातून आणली. आता लांबचंही दिसतं. पण ४०० मिलीमीटरच्या स्कोपला ८चं भिंग म्हणजे पन्नासपट, आणि ६० मिलीमीटरच्या तोंडातून आलेला उजेड डोळ्यापर्यंत १.२ मिलीमीटरच्या सुतासारखा येतो. त्यात दुपारची झळ. पक्षी मोठा होतो, ओळखू मात्र येत नाही. म्हणून मी झूम १७पटीवरच ठेवतो, म्हणजे आधीच्या वीसपटीपेक्षा कमी. वर दृश्याचं वर्तुळही पूर्वीपेक्षा अरुंद.

मिस्त्री भेटले की विचारतात, "चाललंय न्हवं?"

"एकदम," मी म्हणतो.