संगणक-शिट्टी निदानविधी (पळसदरी आवृत्ती)

सदर मार्गदर्शिका पळसदरी, कर्जत, खोपोली व परिसरातील तमाम संगणकधारकांस लागू आहे. घाटमाथ्यावरच्या मंडळींनी वाचायला हरकत नाही. मात्र त्यांना गुण येईलच अशी हमी नाही.

शिट्ट्या मोजायची विद्या पळसदरीकरांना नव्याने शिकवावी लागत नाही. बोरघाटातून १८६३ साली गाडी धावू लागली, तेव्हापासून हे गाव शिट्ट्याच ऐकत आलंय. पुढे सदतीसास एक असा चढ, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, आणि पुढचं इंजिन मागच्याशी शिट्टीने बोलतं. रेल्वेच्या नियमपुस्तकात एक आखूड शिट्टी म्हणजे ‘निघायला तयार’, तीन आखूड म्हणजे ‘गाडी आवरत नाही, गार्डसाहेब, ब्रेक लावा’, चार म्हणजे ‘पुढे जाता येत नाही’. संगणकाची रीत हीच. एक आखूड बीप आणि पाठोपाठ पडद्यावर अक्षरं उमटली, तर खुशाल कामाला लागा. बाकी काहीही वाजलं, तर हातातला चहा खाली ठेवा.

बटण दाबल्यावर संगणक सर्वांत आधी स्वतःची तपासणी करतो. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासूनचा हा शिरस्ता. प्रोसेसर आहे का, मेमरी जागेवर आहे का, चित्र दाखवणारं कार्ड शुद्धीवर आहे का. यातलं काही नापास झालं तर तक्रार पडद्यावर लिहिणार कशी? पडदा अजून सुरूच व्हायचाय. म्हणून बिचारा वाजतो. हे सगळं घडतं तेव्हा विंडोज गाढ झोपेत असतं. हार्ड डिस्कला कुणी हाकही मारलेली नसते.

आणि नेमक्या याच क्षणी घरातलं कुणीतरी म्हणतं, “विंडोज उडालंय. फॉरमॅट मारा.”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हे वाक्य उच्चारणाऱ्यास, तो जावई असला तरी, खोलीबाहेर बसवावे. डोंबिवलीच्या आयटीतल्या भाच्यालाही फोन करू नये. तो बँकेचं सॉफ्टवेअर तपासतो. त्याचा स्वतःचा कॅबिनेट त्याने आजवर उघडलेला नाही.

आता मोजणी. कागद-पेन्सिल घ्या, पंखा बंद करा, पुन्हा बटण दाबा. लांब किती, आखूड किती, मध्ये दम किती घेतो, सगळं लिहा. भिंतीवरची पाल मोजणीत धरू नका. तिचं चुकचुकणं पाहायला पंचांग आहे. सुरुवातीची तपासणी करतो तो बायोस. जुन्या एएमआय बायोसमध्ये तीन आखूड म्हणजे मेमरी, पाच म्हणजे प्रोसेसर, आठ म्हणजे चित्राचं कार्ड. अवॉर्डचं गोत्र वेगळं: एक लांब दोन आखूड म्हणजे चित्राचं कार्ड, आणि थांबत-थांबत लांबच लांब बीप येत राहिले तर मेमरी. आपला बायोस कुठल्या घराण्याचा, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका रद्दीत गेली असेलच.

काळजी नको. जुलैत पळसदरीला जे वाजतं, ते बहुतेक वेळा मेमरी, म्हणजे रॅमच असतं. धबधबा पाहायला मुंबईहून लोक येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. धुकं मात्र मुक्कामाला राहतं, खिडकीतून आत येतं आणि कॅबिनेटात जाऊन बसतं. रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी दात असतात. दमटपणाने आणि धुळीने त्यांच्यावर काळपट थर चढतो, आणि चांगली धडधाकट रॅम बोर्डाला दिसेनाशी होते.

उपचार असा. वायर भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं म्हणजे काढणं नव्हे. मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅमच्या दोन्ही टोकांचे चिमटे बाहेर ढकला. पट्टी आपण होऊन वर येते. घरातल्या शाळकरी मुलाचं पांढरं खोडरबर, शक्यतो त्याला विचारून, घ्या आणि सोनेरी दात हलक्या हाताने पुसा. कीस मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पट्टीची खाच आणि खोबणीतला उंचवटा जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. ‘कट्’ असा आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खोबण बदलून बघा. दोषी कोण ते उघड होईल.

आवाजच नाही, असाही एक प्रकार असतो. नव्या बोर्डांवर पुष्कळदा बझरच नसतो, त्याऐवजी बारीक दिवे असतात. बझर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिल्लर पैशांत मिळतो. बझर आहे, पण पंखाही फिरत नाही आणि आवाजही नाही, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या डब्यावर घ्यावा. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ पासून आणि भिवपुरीचं १९२२ पासून मुंबईला वीज पुरवतंय. ती वीज आपल्या डोक्यावरून जाते. आपली पहिल्या गडगडाटाला जाते. आणि परत येते ती अशी उसळून की एसएमपीएसचा निकाल लागतो. तो डबा मात्र घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

सुरू होतो, पण तारीख दहा-बारा वर्षांपूर्वीची दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही, याला व्हायरस म्हणू नये. बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. किराणा दुकानातही मिळतो.

खंडेनवमीला संगणकाची पूजा जरूर करावी. पण हळदकुंकू पंख्याच्या जाळीवर वाहू नये आणि अक्षता यूएसबीच्या भोकात जाऊ देऊ नयेत. त्या पुढच्या आषाढापर्यंत तिथेच राहतात.

एवढं करूनही वाजत राहिला तर मेकॅनिकला बोलवा. फोनवर “बंद पडलाय” एवढंच सांगू नका. “एक लांब, दोन आखूड” असं सांगा, म्हणजे येताना तो जुनं का होईना, एखादं कार्ड पिशवीत टाकून आणेल. नाहीतर कॅबिनेट मोटरसायकलवर, खताच्या रिकाम्या गोणीत, भर पावसात कर्जतला जाईल. नेणारच असेल तर त्याआधी रॅमच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. परत येताना तीच आली का, ते ताडून बघायला.