कोथरूडचे सरखेल

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. खाऱ्या पाण्याचं दर्शन घ्यायचं तर आधी घाट उतरावा लागतो. तरीही कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या जेवणाच्या टेबलावर, तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज आकार घेत असतं आणि घरातली माणसं सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवत असतात. जहाज बांधणारे गृहस्थ बहुधा बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. सोसायटी त्यांना ‘सरखेल’ म्हणते. ही पदवी मूळची कान्होजी आंग्र्यांची. पण आंग्रे समुद्रावर जात असत. आमचे सरखेल एकदाच गेटवेहून मांडव्याला लाँचने गेले. त्या तासाभरात काय काय झालं ते वहिनी सांगायला लागल्या, की ‘त्या दिवशी उधाण होतं’ एवढंच म्हणून ते चष्मा पुसायला घेतात.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘हे पाण्यात तरंगतं का हो?’ सरखेल हताश होऊन विचारतात, ‘पेंढा भरलेला वाघ चावतो का?’ दुसरा प्रश्न, ‘शिडं कुठायत?’ त्यांनी मुद्दामच लावलेली नसतात. शिडं लावली की त्यामागचे दोर झाकले जातात, आणि दोर हेच तर खरं काम. शिडाच्या जहाजाला शिडंच नाहीत, हे पाहुण्याच्या गळी उतरवण्यात चहा निवतो. तिसरा प्रश्न किमतीचा. त्याचं उत्तर वहिनी घरात नसताना मिळतं.

किट येतं इटलीहून किंवा स्पेनहून. सोबतची पुस्तिका तिथल्या भाषेतून इंग्रजीत आलेली. ती वाचून चित्रं बघावीत आणि चित्रं बघून बायकोला विचारावं, अशी तिची रचना असते. पहिला महिना उत्साहाचा. कणा आणि आडव्या बरगड्या प्लायवूडमधून लेझरने कापून आलेल्या असतात, त्यामुळे आठ दिवसांत सांगाडा उभा राहतो आणि सरखेल जाहीर करून टाकतात, ‘दिवाळीपर्यंत उरकतो.’ कुठली दिवाळी ते सांगत नाहीत.

मग फळ्या चढवायची वेळ येते. फळ्या म्हणजे पाच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्ट्या. नाळेपाशी वळवायला गेलं की ताडकन मोडतात. म्हणून त्या भिजत ठेवायच्या. न्हाणीघरात एका टोकाला बूच मारलेला पीव्हीसी पाइप पाणी भरून उभा असतो आणि त्याला कोणी धक्का लावायचा नसतो. भिजल्या की वाफवायच्या. पट्टीचं एक टोक इडलीपात्रात, उरलेली दोन फूट पट्टी ओट्यावरून बाहेर. रविवारच्या इडलीला अक्रोडाच्या लाकडाचा वास येऊ लागला, तेव्हा वहिनींनी नवं पात्र आणलं आणि जुन्यावर नेलपॉलिशने फुली मारली. गोंद वाळेपर्यंत पट्टी दाबून धरायला कपड्यांचे चिमटे लागतात. त्यामुळे गॅलरीतले सगळे चिमटे जहाजावर आणि दोरीवर राहायला हवेत ते टॉवेल दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर.

बाजारहाटही त्यांचा वेगळा. हत्यारांना बोहरी आळी, पितळेच्या तारेला तांबट आळी. तुळशीबागेत, बायकांच्या गर्दीत उभं राहून ‘दोन मिलिमीटरची साखळी दाखवा, पण चमकणारी नको’ म्हणणारा पुरुष दिसला, तर तो यांच्यातलाच समजावा. दंतवैद्याकडे हे दात दाखवायला कमी आणि बाद झालेली हत्यारं मागायला जास्त जातात.

खरा घोळ घालतं ते प्रमाण. त्यांचं जहाज एकास शहाण्णव, म्हणजे खऱ्या जहाजावरचे आठ फूट इथे एका इंचात. सहा फुटी खलाशी पाऊण इंचाचा होतो. एकदा डोक्यात हे गणित बसलं की माणूस संसाराकडेही त्याच नजरेने बघू लागतो. चोवीस पौंडी तोफेचा गोळा साधारण साडेपाच इंच व्यासाचा, या मापात जेमतेम दीड मिलिमीटरचा. मिसळणाच्या डब्यातली मोहरी नेमकी तेवढी भरते, हा शोध त्यांना एका रात्री लागला. तेव्हापासून घरात मोहरी दोनदा निवडली जाते. आधी व्हर्निअर कॅलिपरने, मापात बसलेली काळा रंग लावून तोफांशेजारी. मग वहिनींकडून, मापात न बसलेली फोडणीला.

तीन मिलिमीटरची कप्पी मोझॅइकच्या फरशीवर पडली, तर घरातला प्रत्येक जण टॉर्च घेऊन ओणवा होतो. जावयालाही सूट नसते. शेवटी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर पातळ पायमोजा चढवून फरशी ओढतात. कप्पी मोज्याला चिकटून वर येते, सोबत हरवलेली कानातली फिरकी आणि कधीकाळची एक साबुदाण्याची गोळी. गोळी ते प्रमाणात बसते का बघून मगच टाकतात.

दोरांचं काम या सगळ्यावर कडी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे उभे दोर काळे, कारण ते कायमचे आणि डांबर पाजलेले. शिडं ओढायचे दोर फिकट, कारण त्यांना सतत हलायचं असतं. शिंप्याच्या दोऱ्याला बारीक लव असते, ती बसवायला दोरा मेणावरून ओढायचा. मग उभ्या दोरांवर आडवे दोर बांधून खलाशांच्या शिड्या करायच्या. जिथे दोर दोराला ओलांडतो तिथे एक गाठ, अशा एकेका बाजूला शेकडो. सरखेल प्रत्येक गाठ चिमट्याने मारतात, भिंगातून तपासतात आणि सोडतात. मागून वहिनी भाजी निवडता निवडता म्हणतात, ‘अहो, डावीकडची दोन मिलिमीटर खाली आलीये.’ ती आलेली असते. सध्या अर्ध्याहून अधिक गाठी वहिनीच बांधतात, पण सरखेल ‘मी देखरेख करतोय’ म्हणतात. गॅलरीतली कपड्यांची दोरी मात्र पावसाळ्यापासून एका बाजूने सुटलेली आहे. ती नायलॉनची. तिच्यात त्यांना रस नाही.

सोसायटीने एका गणेशोत्सवात त्यांना चित्रकलेच्या स्पर्धेचं परीक्षक नेमलं. विषय होता ‘समुद्र’. पोरांनी झकास जहाजं काढली. शिडं पुढे फुगलेली, झेंडे मागे फडफडणारे. सरखेलांनी एकजात सगळ्यांना नापास केलं. वारा मागून येऊन शिडं पुढे फुगवतोय, तर तोच वारा झेंडाही पुढेच नेणार. झेंडा मागे उडायला काय जहाजाला इंजिन आहे? मुद्दा बिनतोड होता. पहिला नंबर एका साडेचार वर्षांच्या मुलीला गेला. तिने झेंडाच काढला नव्हता. पालकांची नाराजी पुढची सर्वसाधारण सभा होईपर्यंत टिकली, पण तिथे हेच सरखेल खजिनदार म्हणून उठले, डिझेलच्या बिलातला सदतीस रुपयांचा फरक त्यांनी दाखवला, आणि लोक गप्प बसले. या माणसाचं प्रेम समुद्रावर नाहीच, असं माझं मत आहे. जिथे कोणीही तपासायला येणार नाही, तिथे बरोबर असण्यावर आहे. कप्तानाच्या खोलीत त्यांनी टेबल केलंय, टेबलावर नकाशा, नकाशावर कर्कटक. मग त्यावर डेक ठोकून टाकला.

हल्ली एखादा तरुण येऊन छाती काढून विचारतो, ‘काका, परक्यांची जहाजं कशाला? आपली गुराब करा, गलबत करा.’ सरखेल शांतपणे म्हणतात, ‘मापांसकट आराखडा आण, उद्या सुरू करतो. आपल्या सुतारांनी सगळं डोक्यात ठेवलं रे.’ मग पुढचा तास त्या तरुणाचा नसतो. टेबलावरचं जहाज आहे अमेरिकेचं ‘कॉन्स्टिट्यूशन’, १७९७ सालचं. २९ डिसेंबर १८१२ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याची इंग्रजांच्या ‘जावा’शी गाठ पडली. कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक उडालं, पण लढाई त्यांनी जिंकली, जावाचं चाक काढून स्वतःला बसवलं आणि जावा जाळून टाकली. जावावर होते जनरल हिस्लॉप, मुंबईचे नेमलेले गव्हर्नर. हेच हिस्लॉप पुढे १८१७ला महिदपूरला होळकरांशी लढले. वहिनींचे नागपूरचे भाऊ एकदा मध्येच उसळून म्हणाले, ‘म्हणजे आमच्या कॉलेजचे?’ ते हिस्लॉप मिशनरी, हे सेनापती, असं समजावण्यात सरखेलांचा घसा बसला. भाऊंना अजून पटलेलं नाही.

आणि त्याच जावावर होते मुंबई गोदीत बांधायच्या ‘ट्रिंकोमाली’चे आराखडे. ते गेले. नवे मागवावे लागले. जमशेदजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानातून ती फ्रिगेट बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ला ती पाण्यात उतरली. महिना भरायच्या आत इकडे खडकीची लढाई झाली. ट्रिंकोमाली अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. हे सगळं वाचलं त्या रात्री सरखेलांना झोप लागली नाही. मुंबईचे आराखडे ज्याच्यामुळे गेले, त्याच्याच बुडाला आपण तांब्याचे नखाएवढे पत्रे एकेक करून चिकटवले!

प्रायश्चित्त म्हणून पुढचं जहाज ट्रिंकोमाली, किट न घेता, आणि सागवानातच. जाणकार सांगतात की सागाचे रेषे जाड, इतक्या लहान मापात ते ओबडधोबड दिसतात, त्यापेक्षा नासपतीचं लाकूड घ्यावं. ‘वाडियांच्या जहाजाला नासपती?’ सरखेल कडाडले. जुना, मुरलेला साग हवा. तसा साग वखारीत मिळेना. तो घरातच होता. वहिनींच्या माहेरून आलेला पलंग.

त्यांनी मागणी केली नाही. फक्त दोन रात्री पलंगाचे खूर व्हर्निअरने मोजले आणि एकदा कडेला नख लावून वास घेतला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी नागपूरला फोन केला. भाऊ सहकुटुंब आले आहेत, पलंगावर झोपतात, आणि रोज सकाळी चहाबरोबर हिस्लॉपचा विषय काढतात. सरखेल अत्यंत आदराने त्यांना विचारतात, ‘परतीचं रिझर्वेशन कन्फर्म झालं का?’ आतून वहिनी सांगतात, ‘काढलंच नाहीये.’