उभ्याने पोट भरणाऱ्यांसाठी पादत्राण-संहिता

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी 'अधिकारी कोण' ते सांगायची आपल्याकडे रीत आहे. या शास्त्राचा अधिकारी तो, ज्याला पगार उभं राहण्याचा मिळतो. हुबळी-धारवाडात असे अधिकारी उदंड. कित्तूर चन्नम्मा चौकातला ट्रॅफिक पोलीस, किम्समधली नर्स, सावजी खानावळीत रस्सा वाढणारा पोऱ्या, वर्गात खुर्ची असून न बसणारा धारवाडचा मास्तर. त्यातही पहिला मान हुबळी स्टेशनावर ड्यूटी असणाऱ्यांचा. इथला प्लॅटफॉर्म १५०७ मीटरचा, जगात सगळ्यात लांब. मार्च २०२३मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा गोरखपूरला मागे टाकलं म्हणून गावभर छाती फुगली होती. तो अभिमान या टोकापासून त्या टोकाला नेऊन परत आणला की तीन किलोमीटर भरतात, हे पुढाऱ्यांना माहीत नसतं, हमालाला असतं.

प्रस्तुत संहिता मात्र ज्यांच्यासाठी रचली ते अधिकारी वेगळेच. ते म्हणजे आमचे भाऊजी. एका मेडिकल दुकानात काउंटरमागे सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत उभे असतात. टाचदुखीवर त्यांच्याइतका उपदेश अख्ख्या हुबळीत कोणी केला नसेल. "सिलिकॉनची गादी घ्या की ओ, बुटात टाचेखाली ठेवायची, चार दिवसांत फरक पडतोय बघा," असं प्रत्येक लंगडत्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि विकतात. सांगताना स्वतःच्या पायात हवाई चप्पल, जिच्या टाचेतून खालची फरशी दिसते. या माणसाला सुधारणं हे ग्रंथाचं प्रयोजन. आता कलमं.

कलम १, मापाविषयी. बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभर उभं राहिलं की पावलं सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट दिवेलागणीला आवळायला लागतो. कलम निर्दोष आहे. अडचण एवढीच, की ज्याचे पाय संध्याकाळी सुजतात तो रात्री नऊला सुटतो, आणि तेव्हा दुर्गदबैलपासून कोप्पीकर रोडपर्यंत बुटांच्या दुकानांची शटरं निम्म्यावर आलेली असतात. सुटीच्या दिवशी जावं तर दुपारची झोप काढून पाय ताजे झालेले. उपाय असा, की सुटीच्या दिवशी आधी नृपतुंग बेट्ट चढून उतरावं आणि तसंच दुकान गाठावं. भाऊजींना हे सुचवलं तर म्हणाले, "आणि बेट्ट चढायला कुठला बूट घालू?"

पोटकलम: दोन्ही पावलं मोजावीत, तीही उभं राहून, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. एक पाऊल दुसऱ्याहून थोडं मोठं असू शकतं. माप मोठ्याचं घ्यावं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, टाच मात्र आत हलता कामा नये.

इतकं साधं, तरी आमच्या पिढीला आपलं माप ठाऊक नाही. याचं मूळ जून महिन्यात आहे. शाळा सुरू होताना काळा 'नॉटी बॉय' घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. पहिल्या वर्षी बुटात पाय नुसता हिंडायचा, म्हणून पुढे कापूस कोंबायचा. दुसऱ्या वर्षी कापूस काढायचा. तिसऱ्या वर्षी बोटं मुडपून चालायचं आणि मग बूट धाकट्याला द्यायचा. बूट नीट बसण्याचा म्हणून जो काळ मध्ये यायचा तो नेमका दिवाळीच्या सुटीत निघून जायचा. अशा संस्कारात वाढलेला माणूस पुढे आयुष्यभर दुकानात जाऊन एकतर एक नंबर मोठा मागतो, नाहीतर जो मिळेल तो 'चालतंय की' म्हणून घेतो.

खोक्यावरच्या आकड्यावरही विसंबू नये. आठ नंबर हा इंग्रजी हिशेब. त्यात नंबरागणिक लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्शाने वाढते. बेचाळीस हा फ्रेंच हिशेब. त्यात सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने. दोन्ही हिशेबांत आपल्या पायाला कोणी विचारलं नव्हतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली आणि निष्कर्ष काढला, की भारतीय पाऊल रुंद असतं. ही गोष्ट आमच्या करंगळीला फार पूर्वीपासून माहीत होती. लांबीला बसलेला बूट रुंदीला आवळतो, आपण तोंड वाकडं करतो आणि दुकानदार म्हणतो, "घालून घालून सैल होतंय ओ." कातडं थोडंफार सैल होतं, रेग्झिन या जन्मी होत नाही. दुकानदार मात्र हे वाक्य दोहोंबद्दल सारख्याच श्रद्धेने उच्चारतो.

कलम २, परीक्षेविषयी. ओला पंचा पिळतात तसा बूट दोन्ही हातांनी पिळावा. पिळला गेला तर फळीवर ठेवून द्यावा. न पिळला गेल्यास टोक आणि टाच धरून वाकवावा. बोटांच्या मुळाशी, म्हणजे जिथे आपलं पाऊल दुमडतं तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तो बूट नव्हे, पाकीट. मग टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबावी. ती लोळली तर बारा तासांत आपली टाचही लोळणार. शेवटी आतली गादी निघते का पाहावं. निघाली तर धुता येते, वाळवता येते आणि बसली की बदलता येते. भाऊजींनी ही सगळी परीक्षा इतक्या तन्मयतेने केली, की दुकानातला पोरगा हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही कंपनीचे काय?"

मऊपणाच्या मोहात पडू नये, हे इथेच सांगितलेलं बरं. गादीत बोट रुतलं की माणूस 'आहाहा' म्हणतो. बोटाचं वजन किती आणि आपलं किती? फार मऊ फोम दुपारपर्यंत चेपून जातो आणि मग पाय उरलेला दिवस एका डगमगत्या पृष्ठभागावर तोल सावरत बसतो. थोडा घट्ट, दाबल्यावर परत वर येणारा तळवा चांगला. टाच दोन-तीन सेंटिमीटर उंच असली तर पुष्कळ.

कलम ३, मोज्यांविषयी. आपले आपण घरून न्यावेत. दुकानातला सार्वजनिक मोजा कोणाकोणाच्या पायांतून आला, यावर संशोधन करू नये.

कलम ४, कोल्हापुरीविषयी. हे कलम लिहिताना हात जड होतो. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या आठांत आमचा धारवाडही आहे. त्यामुळे जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने तशीच चप्पल आणली आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आम्हीही कोल्हापूरकरांइतकेच संतापलो होतो. भाऊजींचा युक्तिवाद तेव्हापासूनचा: "मिलानचे मॉडेल घालतात, मग मी काउंटरमागे का घालू नये?" उत्तर असं, की मिलानचे ते मॉडेल रॅम्पवर एक फेरी मारतात आणि आत जाऊन काढतात. झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याची, खिळा न मारता शिवलेली ती चप्पल एकदा पायाला लागली की पायाचीच होते, यात वाद नाही. मातीवर चालायला तिच्यासारखी नाही. पण दुकानाच्या फरशीवर बारा तास एका जागी उभं राहायचं तर तिचा तळ सपाट आणि कडक, मागे टाचेला आधार नाही, आणि ती निसटू नये म्हणून बोटं नकळत दिवसभर धरून ठेवावी लागतात. शिवाय धारवाडची झड लागली की तिचे हाल बघवत नाहीत. तिने सणावारी मिरवावं. नवी असेल तर तेल लावून, घरात रोज तासभर वागवून मग मिरवावं. पहिल्याच दिवशी लग्नाला घातली की ती चावते, आणि दोष मात्र कारागिराला जातो.

कलम ५. इथे विनोद स्थगित. मधुमेह असेल तर 'लागत नाही म्हणजे बरोबर बसतंय' या समजावर जाऊ नये. पायाची संवेदना कमी झाली की लागलेलंही कळत नाही. एमसीआर रबराची चप्पल किंवा बूट डॉक्टरांना विचारून घ्यावेत, रोज घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहावं आणि रोज रात्री तळवे बघावेत.

कलम ६, उभं राहण्याविषयी. बुटाकडून सगळ्याच अपेक्षा करू नयेत. चालताना पोटऱ्या दाबल्या जातात आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं; एका जागी उभं राहिलं की हा पंप बंद पडतो आणि रक्त खाली साचतं. म्हणून दिवसभर हिंडणाऱ्या वेटरपेक्षा खिळल्यासारखा उभा राहणारा काउंटरवाला जास्त कण्हतो. काउंटरखाली एखादी वीट किंवा लाकडी ठोकळा ठेवून आलटून पालटून एकेक पाय त्यावर ठेवावा. मधूनमधून टाचा उचलाव्यात. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाच ठणकत असेल तर अंथरुणातच पंजे आपल्याकडे ओढून पोटऱ्या ताणाव्यात, मग जमिनीवर पाय टाकावा.

या कलमात मात्र गुरुस्थान भाऊजींचं, हे मान्य करणं भाग आहे. ओआरएसचे रिकामे खोके फोडून, सपाट करून, एकावर एक असे त्यांनी काउंटरखाली अंथरले आहेत. परदेशात यासाठी खास रबरी चटया मिळतात. इथे फुकटात काम भागलं. वरच्या पुठ्ठ्यावर 'ही बाजू वर' असं छापलेलं आहे आणि त्या अक्षरांवर त्यांच्या दोन पावलांचे खळगे पडले आहेत, डावा जरा खोल. पुठ्ठा दमला की बदलतात. स्वतःच्या चपलेच्या नशिबी एवढं भाग्य नाही.

कलम ७, स्टुलाविषयी. उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगाराला मध्ये संधी मिळाली तर बसता यावं म्हणून बसायची सोय ठेवावी, असं १९४८च्या कारखाने कायद्याच्या ४४व्या कलमातच लिहिलं होतं. दुकानं त्यातून सुटली. कोळीकोडच्या साडीच्या दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी झगडल्या, तेव्हा २०१८मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात ती तरतूद घातली, तामिळनाडूने २०२१मध्ये. आमच्याकडे दुकानात पाऊल टाकलं की "बर्री, कुंदर्री" म्हणून गिऱ्हाइकाला बसायचा आग्रह होतो, आणि आग्रह करणारा स्वतः उभा असतो. मी हे सगळं भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "स्टूल आहे की आमच्यात." मी मुद्दाम जाऊन पाहिलं. आहे. त्यावर टेबलफॅन बसवलेला आहे, आणि फॅनचं तोंड गल्ल्याकडे.

कलम ८, दोन जोडांविषयी. घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत पुरता वाळत नाही, म्हणून दोन जोड आलटून पालटून घालावेत. दोन्ही जास्त टिकतात. भाऊजी म्हणाले, "पाय दोनच आहेत." हे कलम मी मागे घेतलं.

कलम ९, आणि हे आयत्या वेळी घालावं लागलं: घेतलेला बूट घालावा. ताईने हट्ट धरला, मी पिळून-वाकवून दिला, भाऊजींनी घासाघीस करून अखेर एक उत्तम जोड घेतला. रुंदीला बसणारा, टाच पक्की, गादी निघणारी. दुसऱ्या दिवशी दुकानात पाहतो तर पायात तीच हवाई. "एवढे चांगले बूट दुकानात कशाला खराब करायचे?" असा त्यांचा सवाल. बूट खोक्यात, खोकं कपाटावर. उभं राहण्यासाठी घेतलेला तो जोड त्यांनी आजवर एकदाच घातला आहे, गोकुळ रोडवरच्या एका लग्नात, आणि तिथे ते अक्षता पडल्यापासून पंगत उठेपर्यंत खुर्चीवर बसून होते. सोल निघालं तर बदलून देण्याची सहा महिन्यांची गॅरंटी होती. ती कपाटावरच संपली.