बोजा, इतर हक्क आणि ज्युनियर केजी

परवा सकाळी तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "जरा वाचून सांगा. सही करण्याआधी आपल्या माणसाला दाखवलेलं बरं." मला वाटलं, गावाकडच्या जमिनीचं पुन्हा काहीतरी निघालं. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल-खुर्ची टाकून मी अठ्ठावीस वर्षं दस्त लिहिले. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र. तालुक्यातले निम्मे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, ते माझ्याच अक्षरामुळे. चष्मा लावून बघतो तर चौदा पानं, त्रेचाळीस कलमं, सगळं इंग्रजी, आणि मिळकतीच्या वर्णनाच्या जागी तात्यांची नात. वय वर्षे चार, महिने दोन. ज्युनियर केजीचा प्रवेश होता.

शाळेचं नाव सांगत नाही. नावात 'इंटरनॅशनल' आहे आणि शेजारी गुऱ्हाळ आहे, एवढी खूण पुरे.

दस्ताची पहिली शिस्त म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची विहीर, पश्चिमेस तमक्याचा बांध, दक्षिणेस ओढा, उत्तरेस सरकारी रस्ता. सीमा लिहिल्या नाहीत तर दस्त करून घेणाऱ्याला हातात काय पडलं ते कळत नाही. मी अभ्यासक्रमाचं कलम शोधलं. कलम नऊ. त्यातला मजकूर मराठीत असा होतो : अभ्यासक्रम शाळा ठरवील तो, शाळेला योग्य वाटेल त्या पद्धतीने, आणि शाळेला वाटेल तेव्हा पूर्वसूचनेशिवाय बदलून. पालकाने तो वाचला आहे, त्याला समजला आहे आणि पसंत आहे, असं पालक या कलमान्वये मान्य करतो. तात्यांनी माहितीपुस्तिका पुढे केली. त्यावरून चतुःसीमा मीच लावली : पूर्वेस रोबोटिक्स, पश्चिमेस घोडेस्वारी, दक्षिणेस माइंडफुलनेस आणि उत्तरेस ते गुऱ्हाळ. मधल्या क्षेत्रात मूल.

"म्हणजे बाराखडी कधी शिकवणार?" तात्यांनी विचारलं. मी चौदाही पानं चाळली. बाराखडी दस्तात नव्हती. बसचे तेरा थांबे होते.

मग आलं कलम अकरा, मूल्यमापन. शाळा वर्षभर मुलाचं सातत्याने मूल्यमापन करील, ते अंतिम राहील आणि त्यावर पालकाला हरकत घेता येणार नाही. इथे मात्र माझ्यातला दस्तलेखक जागा झाला. आमच्याकडे जमिनीची मोजणी भूमी अभिलेखचा माणूस करतो. विकणाराच फीत धरून उभा राहिला आणि म्हणाला की दहा गुंठे भरले, घ्या, तर खरेदीदार गप्प बसेल का? इथे काय शिकवायचं ते शाळा ठरवणार, शिकवणार शाळा, प्रश्न शाळेचे, तपासणार शाळा आणि 'पाल्याची प्रगती समाधानकारक' असा दाखलाही शाळाच देणार. पुन्हा कलम सोळा आहेच : पाल्याच्या प्रगतीची शाळा कोणतीही हमी देत नाही. गुंठे भरले याचा दाखला आहे, पण जमीन आहे याची हमी नाही.

तात्यांचे चिरंजीव पुण्याला आयटीत आहेत. ते फोनवरून म्हणाले, "काका, हे स्टँडर्ड टर्म्स आहेत, सगळीकडे असंच असतं." खरं आहे. आमच्याही दस्तांत एक ठरलेलं वाक्य असायचं. लिहून देणाराने हा दस्त कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला. अठ्ठावीस वर्षांत मी ते वाक्य किती हजार वेळा लिहिलं असेल! समोरचा माणूस सावकाराच्या धाकाने घामाघूम झालेला असायचा आणि मी शाई वाळवत लिहायचो, अक्कलहुशारीने.

हे वाक्य आठवायचं कारण तात्यांच्या पुतण्याचं प्रगतिपुस्तक. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. तिथे आकारिक मूल्यमापन आहे, म्हणजे गुणांबरोबर गुरुजींनी प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची. कल्पना उत्तम. पण एका गुरुजींकडे दोन वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि वर निवडणुकीचं काम. त्यामुळे नोंदींच्या तयार याद्या फिरतात. 'वाचन स्पष्ट व शुद्ध करतो.' 'वर्गात क्रियाशील राहतो.' 'चित्रांत सुंदर रंग भरतो.' मी ओळखलं, ही आपलीच जात. राजीखुशीने व अक्कलहुशारीने.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे की. आहेच. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अमलात आला 1 एप्रिल 2010 ला. कलम 29 प्रमाणे अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत सरकारने नेमलेलं प्राधिकरण ठरवतं. कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाचणी घेता येत नाही. घेतली तर पहिल्या खेपेला 25 हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक खेपेला 50 हजारांपर्यंत. मी तात्यांना विचारलं, "तुमची चाचणी घेतली का?" तात्या म्हणाले, "छे, नुसत्या गप्पा झाल्या. सूनबाईंचं शिक्षण विचारलं, घरात कोणती भाषा बोलता ते विचारलं, आणि नातीला हत्ती दाखवून रंग विचारला. ती म्हणाली, हत्तीच्या रंगाचा." पण त्या कायद्यातलं बालक सहा ते चौदा वर्षांचं. आमची मिळकत चार वर्षं दोन महिन्यांची. कायदा जागा होईपर्यंत दोन वर्षं दस्त अमलात राहून जुना झालेला असणार.

तसे हे दस्त काही आजचे नाहीत. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने शाळांच्या अनुदानाची नवी संहिता आणली. मुलामागे बारा शिलिंग : चार हजेरीचे, आठ परीक्षेचे. तपासनीस येणार, वाचन, लेखन, अंकगणित घेणार; मूल एका विषयात गळलं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. मुलाला छडी नाही, दंड शाळेला. मग शाळांनी काय करावं? ज्याचे पैसे, तेवढंच शिकवलं. वाचनाचं पुस्तक पोरांकडून असं घोटून घेतलं की ते उलटं धरलं तरी पोरं अडत नसत. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी, पोटासाठी शाळा-तपासनीस. हे सगळं यांत्रिक होत चाललंय, असं ते सरकारी अहवालांत लिहीत राहिले. अहवाल दप्तरी जमा झाले. पद्धत त्यानंतर तीसेक वर्षं चालली.

मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची ही रीत आली. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी पुण्याहून निवेदन दिलं. गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या लोकांत निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाही, असं त्यांनी त्यात साफ म्हटलं. अशा वस्तीत कोण मास्तर आपल्या हिमतीवर शाळा काढील? त्याचं पोट भरायचं कसं? डेप्युटी साहेब वर्षातून एकदा, तेही आगाऊ वर्दी देऊन येतात, त्याने काय कळणार, हेही त्यांनी लिहिलं. एकशे चाळीस वर्षांहून जुना कागद. तारीख झाकून शिक्षण आयुक्तालयात दिला तर आजच्या आवक नोंदवहीत सहज नोंदला जाईल.

वर्दी देऊन येणाऱ्या डेप्युटीची गोष्ट मला माझ्या आजोबांनी सांगितली होती. त्यांच्या मास्तरांचा हुकूम असा : साहेबाने प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे, उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेब खूश, शेरा 'वर्ग हुशार'. आजोबा जन्मभर म्हणायचे, शाळेत शिकलो ते उजवं-डावं तेवढं पक्कं शिकलो.

पण या धंद्यातला मला सर्वात आवडलेला दस्त अमेरिकेतला. टेक्सार्काना नावाचं गाव आहे, टेक्सास आणि आर्कान्सा या दोन राज्यांच्या बरोब्बर सीमेवर. असल्या गावाच्या मिळकतीची चतुःसीमा लिहायला हात शिवशिवतात. 1969 साली तिथल्या शाळांनी एका खाजगी कंपनीशी करार केला. मागे पडलेली पोरं कंपनीने शिकवायची. एका मुलाला 80 तासांत एक इयत्ता वर चढवलं की 80 डॉलर. जास्त तास लागले तर पैसे कमी, फारच लागले तर शून्य. बघा, याला म्हणतात कलम! संदिग्ध काही नाही, मोबदला ठरलेला, मुदत ठरलेली. मी असतो तर दोन साक्षीदार घेऊन तिथेच अंगठे उठवले असते. कंपनीने यंत्रं आणली, वर्गात गालिचे घातले, इयत्ता चढणाऱ्याला ट्रान्झिस्टर रेडिओ दिले. इयत्ता धडाधड चढू लागल्या. देशभरातून लोक बघायला आले. आणि 1970 च्या वसंतात शेवटची चाचणी झाल्यावर कळलं, की चाचणीतले प्रश्न कंपनीने शिकवण्याच्या साहित्यातच घातले होते.

लोक त्या कंपनीला लबाड म्हणाले. मी म्हणणार नाही. दस्तलेखक म्हणून बघितलं तर कंपनीने कराराचं तंतोतंत पालन केलं. करारात 'मूल शिकलं पाहिजे' असं कुठे होतं? 'चाचणीत एवढा आकडा आला पाहिजे' असं होतं. आकडा आला. पुढे तिथल्या केंद्र सरकारने सहा कंपन्या, अठरा ठिकाणं घेऊन हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. 1972 मध्ये निकाल सांगितला तो असा, की साध्या वर्गातली साधी पोरं जेवढी शिकली, साधारण तेवढीच हीही शिकली. मग तो कारखाना बंद झाला.

आपल्याकडे आकडा आणायला कंपनी लागत नाही, मंडळ समर्थ आहे. 2018 साली राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के. पुढच्या वर्षी कोणालातरी सद्बुद्धी झाली आणि भाषा व समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले. निकाल 77.10. महाराष्ट्रात हाहाकार! केंद्रीय मंडळाची पोरं अकरावीच्या जागा पळवणार म्हणून मोर्चे, निवेदनं, अग्रलेख. त्याच वर्षी 20 गुण परत. 2020 चा निकाल 95.30, आणि त्यात भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नव्हता. 2021 मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे पन्नास, दहावीच्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाचे तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस अशी बेरीज झाली आणि निकाल 99.95 टक्के लागला. म्हणजे परीक्षा हीच काय ती निकालातली अडचण होती. आमच्या कचेरीत या वीस गुणांना वेगळं नाव आहे, पण ते सदरात लिहिता येत नाही. दस्तात आम्ही 'किरकोळ खर्च' लिहायचो.

पुन्हा तात्यांच्या दस्ताकडे येतो. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा तिथे चढतो. मी सवयीने इतर हक्क शोधत गेलो. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं आपल्या सरकारने 2015 मध्ये ठरवलेलं आहे; नात चौदा किलोची, म्हणजे एक किलो चारशे ग्रॅम. शाळेच्या यादीतली वह्या-पुस्तकं, डबा, बाटली, बुटांचा दुसरा जोड तात्यांनी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघितले होते. दोन किलो शंभर. म्हणजे सातशे ग्रॅमचा बोजा मिळकतीच्या थेट पाठीवर.

आणि कलम एकवीस : पालक घरी पोषक शैक्षणिक वातावरण ठेवतील. याचा अर्थ मी तात्यांना समजावला नाही, कारण त्यांना तो थोरल्या नातवापासून माहीत आहे. गेल्या वर्षी त्याचा ज्वालामुखी तात्यांनीच केला. थर्माकोलला 2018 पासून बंदी, म्हणून पुठ्ठ्याचा. आत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. मूल्यमापनात 'ब' श्रेणी आली. बी.कॉम. झालेल्या, पस्तीस वर्षं सहकारी बँकेत काढलेल्या माणसाला 'ब'. तात्या दोन दिवस नीट जेवले नाहीत. हरकत घ्यावी म्हणाले तर कलम अकरा आडवं आलं.

फीच्या परिशिष्टावर मात्र मी बोट ठेवू शकलो नाही. चार हप्ते, प्रत्येकाची तारीख, विलंब झाल्यास दिवसाला किती, चेक परत आला तर किती, गणवेश कोणत्या दुकानातून, मोजे कोणत्या रंगाचे. असा निर्दोष मसुदा मी अठ्ठावीस वर्षांत लिहिला नाही. तेराही बसथांबे त्यात होते, प्रत्येकाचा दर वेगळा.

शेवटी सहीचा प्रश्न आला. करार कायदा 1872 चा. अठरा वर्षांखालच्याचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली कलकत्त्याच्या एका गहाणखतात सांगून ठेवलंय. म्हणून आमच्या दस्तांत सज्ञान नसलेल्याला सरळ 'अज्ञान' लिहितात आणि त्याच्या वतीने सही करणारा तो अज्ञान पालनकर्ता, थोडक्यात अ.पा.क. त्रेचाळीस कलमांत सज्ञान मंडळी सगळी होती : शाळा, संस्था, बाप, आजोबा, बसवाला, मोजेवाला. जिला शिकायचं होतं ती एकटीच पक्षकार नव्हती. निदान सहीपुरती तरी तिची नोंद राहावी म्हणून मी तात्यांना प्रत्येक पानावर सहीखाली 'अ.पा.क.' लिहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी तात्या कागद घेऊन परत आले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, हे काय? तात्यांनी फोड करून सांगितली. बाई म्हणाल्या, "आजोबा, आमच्याकडे अज्ञान शब्द वापरत नाहीत. तिथे 'अर्ली लर्नर' लिहा आणि चौदाही पानं नव्याने द्या. फॉर्मचे पाचशे रुपये वेगळे पडतील."