सावकार, तुमच्या खाणीतली पंगत

रा. रा. फंक्शन हॉलचे मालक, सावकार यांसी,


परवाचं लग्न थाटात झालं म्हणे. आम्हाला पत्रिका नव्हती, तरी बेत तोंडपाठ आहे : गव्हाची हुग्गी, भात, तुरीचं वरण, भरल्या वांग्याची एणगाई, पनीर आणि एकेक घास खाऊन टाकलेले गुलाबजाम. सकाळी हे सगळं थर्माकोलच्या ताटांसकट, काळ्या पिशव्यांना गाठी मारून, हॉलमागच्या जांभ्याच्या खाणीत पडलं होतं. पाहुण्यांना जेवण, शेजाऱ्यांना वास. कुणाला म्हणून तुम्ही विन्मुख पाठवत नाही.

गेटवर बसवण्णांची तसबीर लावलीत, बरं केलंत. दासोहात, म्हणजे सगळ्यांसाठीच्या पंगतीत, जेवून ताट धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं, अशी माणसं आमच्या बिदर भागात होती. तुम्ही लोकांचा तेवढा त्रास वाचवला. आणि त्या वरणातली डाळ पाहा : कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाची डाळ खड्ड्यात ओतणारे तुम्ही एकटेच आहात असं नाही, पण पातेली तुमची मोठी.

जागा मात्र अचूक निवडलीत. जांभा म्हणजे नुसती चाळणी. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खालच्या काळ्या दगडापर्यंत जातं आणि तिथून आडवं सरकतं. हे ओळखूनच बहमनी काळात, पंधराव्या शतकात, बिदरजवळच्या नौबादची सुरंगबावी, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, खोदली गेली. त्या कारागिरांनी याच वाटेनं वस्तीला गोडं पाणी आणलं. तुम्ही त्याच वाटेनं कुजक्या भाताचं काळं पाणी माझ्या विहिरीकडे धाडताय. मृगाचा पहिला पाऊस झाला की माझ्या घरी पोहोरा नाकाला रुमाल बांधून ओढावा लागतो.

खाली पाणी, वर गॅस. पिशवीला गाठ, तिच्यावर आणखी वीस पिशव्या, आत हवा नाही. असं अन्न कुजलं की मिथेन सुटतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. आमचा उन्हाळा आधीच भाजून काढणारा, त्यात हा तुमचा आहेर! शिवाय तुमचा वॉचमन अधूनमधून काडी लावतो, त्या धुराचं वेगळं सांगत नाही.

आता गाईचं सांगतो. शेजारच्या म्हातारबाची गाय दावं तोडून खाणीत उतरली आणि पिशव्या फाडून भात खात सुटली. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगलं. एवढा भात पोटात गेला की आम्ल होतं, असं डॉक्टर म्हणाले. नळी घातली, सुई दिली. नाकपुड्यांना शितं चिकटलेली, तोंडातून काळ्या पिशवीचा कान लोंबत होता. दिवेलागणीला गेली. तिच्या दुधावर ते घर चालायचं. आणि तुमच्या मॅनेजरनं म्हातारबाला काय विचारावं? ‘गाय बांधून का नाही ठेवली?’ अरे, तुमचं खरकटं तुम्हाला आवरत नाही आणि गाय त्यानं आवरायची? लाज वाटू द्या, सावकार.

तरी खोटं कशाला बोलू, मागच्या लग्नसराईत रात्री दीड वाजता तुम्हाला गेटवर पाहिलंय. अंगावर बनियन, शेजारी भाताची घमेली. जाणाऱ्या प्रत्येक ऑटोवाल्याला ‘घेऊन जा रे, गरम आहे’ म्हणत होतात. मुलीच्या बापानं आठशे पानं सांगितली, आली पाचशे माणसं. कमी शिजवू म्हणालात तर गिऱ्हाईक समोरच्या हॉलमध्ये जातं. एखादं पातेलं रिकामं झालं तर ‘जेवण पुरलं नाही’ असं पाहुणे तालुकाभर सांगतात. कचऱ्याची गाडी लग्नाच्या रात्री फिरकत नाही. मिरवणार सगळे, निस्तरायला तुम्ही एकटे. त्या रात्री तुमची दया आली होती. गाईनं ती संपवली.

माझ्या शेतात तुराट्या पडल्यात, दरवर्षी पेटवून देतो. त्या तोडून देतो. हॉलमागं चिऱ्यांचा, हवा खेळेल असा हौद बांधा. एक थर खरकटं, दोन थर तुराट्या आणि पालापाचोळा, आठवड्याला खालीवर. हवा लागली की मिथेनचं नाव नको, पावसाळ्यापर्यंत खत. तुम्हाला गॅसचीच हौस असेल तर तोही करा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं खरकट्यावर चालणारा घरगुती बायोगॅस बनवला, त्याला 2006 साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेण लागतं ते सुरुवातीला. तुमच्या भट्टीला मोठी टाकी लागेल, पण कच्च्या मालाची तुम्हाला ददात नाही. प्लास्टिक आणि थर्माकोल मात्र वेगळं काढा. ते माझ्या तुराट्यांना पचायचं नाही.

खत निम्मं माझं. कबूल असेल तर स्वतः या, मॅनेजरला धाडू नका.

आपला,
वाऱ्याच्या दिशेचा शेजारी

ता. क. : येताना म्हातारबाच्या घरावरून या. गाईची किंमत तो सांगेल, घासाघीस करू नका.