चाफा आमचा, परडी काकूंची

सकाळी सव्वासहाला भिंतीपलीकडून आधी काठी वर येते, मग काकू. काठीच्या टोकाला तारेचा आकडा. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या गल्लीत आमच्या दोन सोसायट्या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. मधल्या भिंतीवर काचा रोवल्यात, पण चेंडू आणायला चढणाऱ्या पोरांनी एका जागच्या कधीच साफ केल्या. तिथेच काकूंची परडी टेकते. झाड आमचं, फांदी त्यांच्याकडे झुकलेली आणि फुलं त्यांच्या देवाची. सेक्रेटरी बदलले, हा कारभार बदलला नाही.

"काय गं, विक्रोळीला जाऊन आलीस की नाही?" फांदी आकड्यात धरून काकूंनी विचारलं. "आमच्या सूनबाईंनी तर स्टेटसला बारा फोटो टाकलेत. झाड दोनात, बाकी दहांत त्याच."

विक्रोळी म्हणजे हायवेवरची ती गुलाबी झाडं. फेब्रुवारी-मार्चात पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात टबेबुया फुलतो. पानं जवळपास झडलेली असतात, त्यामुळे उरतो तो निव्वळ गुलाबी रंग. तिकीट नाही, रांग नाही, उद्घाटनाला कुणी मंत्री नाही. लोक गाडी कडेला घेऊन फोटो काढतात, मागचे त्यांच्या नावाने हॉर्न वाजवतात आणि पन्नास पावलांवर स्वतःही थांबतात.

मी रविवारी सातच्या आत गेले होते, सर्व्हिस रोडने पायी. पडलेल्यांतलं एक फूल उचललं. नरसाळ्यासारखं, घशाशी पिवळट, कडा अशा चुरगळलेल्या की धुऊन पिळलं आणि इस्त्री करायची राहून गेली. तळहाताला वजन म्हणून लागत नव्हतं. रुमालात गुंडाळून घरी आणलं, उलगडलं तर चहा गाळायचा फडका झालेला.

"परदेशी झाड ते," तळमजल्याच्या गॅलरीतून पेपरामागून काका बोलले. "आपलं नव्हेच. कशाला एवढं कौतुक?"

काकांचं चूक नव्हतं. टबेबुया मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका त्या बाजूचा. एल साल्वाडोरचा तर तो राष्ट्रीय वृक्ष आहे. "मग आपलं झाड कुठलं?" मी विचारलं. "गुलमोहर!" काका ठासून म्हणाले. गुलमोहर मादागास्करचा, मी सांगितलं. "बरं, झेंडू घे. दसऱ्याला दारावर लावतो आपण." तोही मेक्सिकोकडचाच. काकांनी पेपर खाली ठेवला आणि परडीकडे बोट केलं. "हा चाफा तरी?" पांढरा देवचाफासुद्धा अमेरिकेच्या बाजूनेच आलेला. काकूंचा हात वरच्या वर थांबला. मग म्हणाल्या, "देव काही बोलला नाही अजून, तुम्ही कशाला बोलता?" आणि सहावं फूल तोडलं.

पण काकूंचं स्वतःचं मत काकांच्या बाजूने होतं, फक्त कारण वेगळं. "टबेबुया दिसतो गोड, नाही म्हणत नाही. पण मुका वाटतो गं. सावर बघ. सकाळी सावरीखाली उभं राहिलं की मासळीबाजारात आल्यासारखं वाटतं. साळुंक्या, बुलबुल, कावळे, सगळे मधासाठी भांडतात. आणि फूल पडतं ते थप्पकन. डोक्यावर पडलं तर कळतं काही पडलं म्हणून."

खरं आहे ते. काटेसावरीची पाकळी जाड, मांसल, बोटाने दाबली तर वळ उठतो. खोडाला काटे, फांद्यांवर पान नाही आणि लालभडक फुलं वाडग्यासारखी वर तोंड करून. तिच्या आगेमागेच पळस. पळसाला पाने तीनच हे आपण शाळेपासून म्हणतो, पण फुलतो तेव्हा ती तीनही नसतात. काळपट मखमली देठातून पोपटाच्या चोचीसारखी केशरी पाकळी बाहेर येते. काकूंच्या माहेरी होळीच्या आदल्या रात्री हीच फुलं तपेल्यात उकळून ठेवायचे, सकाळी रंग तयार.

ही दोन्ही झाडं बघायला बोरिवलीलाच जायला हवं, हा मुलुंडकरांचा जुना गैरसमज. राष्ट्रीय उद्यान शंभरावर चौरस किलोमीटरचं आहे. मुलुंड कॉलनीच्या मागचा डोंगर त्याचीच पूर्वेची बाजू. बोरिवलीच्या गेटातून आत शिरायला तिकीट पडतं. कॉलनीच्या टोकाला उभं राहून डोंगराकडे बघायला कोण पैसे मागतो?

"फुकटचं नाव काढू नकोस," काकू एकदम म्हणाल्या. "राणीबागेचं सांगितलं नाही का तुला?"

सांगितलं होतं, दोनदा. पण भिंतीवर ऐकलेली गोष्ट तिसऱ्यांदा जास्त रंगते. भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे १८६२ साली खुल्या झालेल्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिका थंडीच्या अखेरीला फुलांचं प्रदर्शन भरवते. पानाफुलांनी मढवलेल्या मोठमोठ्या प्रतिकृती, कुंड्यांच्या रांगा, फळभाज्या, बोन्साय, आणि प्रवेश मोफत. काकू भजनी मंडळातल्या चौघींना घेऊन लोकलने गेल्या. तासभर फुलं पाहिली. मग लागले विक्रीचे स्टॉल.

"एक बटण गुलाब घेतला. गुलाबाला कुंडी नको? कुंडीला खत. खताला खुरपं. खुरपं घरात होतं, पण ते लाल मुठीचं इतकं छान होतं गं. परत येताना हे सगळं घेऊन लोकलमध्ये कशी चढणार? केली टॅक्सी. फुकटातलं प्रदर्शन अकराशे चाळीसला पडलं मला."

"आणि गुलाब?"

"येताना होती तेवढी फुलं दिली. नंतर ह्यांनी प्रेमाने रोज बादलीभर पाणी घातलं. आता काटे आहेत."

काका पेपराच्या मागे गेले.

मला विचाराल तर राणीबागेला जावं, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी मुळीच नाही. तिथे फुलांपेक्षा माणसांच्या पाठी जास्त दिसतात. टबेबुयालाही एकदाच जावं, तेही पायी. सावरीकडे मात्र आठ दिवसांनी पुन्हा जायला हवं. उशीर केला तर बोंडं धरलेली दिसतात. त्यानंतर बहावा पिवळा लोंबेल आणि ताम्हण जांभळं होईल. ताम्हण आपल्या राज्याचं फूल, आणि अस्सल इथलंच. हे सांगितल्यावर काकांनी पेपराआडून "हं" केलं, म्हणजे त्यांना बरं वाटलं असावं.

काकूंची परडी भरली. आमच्या सोसायटीला म्हणून दोन फुलं त्यांनी भिंतीवर काढून ठेवली. तीही आमच्याच झाडाची.

"रविवारी जाऊ कॉलनीत सावर बघायला," काठी खाली घेत त्या म्हणाल्या. "साडेसहाला गेटवर ये. रिक्षाचे सुटे मात्र तू आण. मी पर्स घरीच ठेवणार आहे."