ब गटाचे बैल सीलबंद करण्याविषयी

मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतीत तीन वर्ग असतात. मोटो-थ्री होतकरूंचा, मोटो-जीपी बड्यांचा, आणि मोटो-टू मधल्यांचा. बड्यांना नियम लावावेत तर ते कंपनीचा वकील पाठवतात आणि होतकरूंना लावावेत तर दया येते. मधल्यांचे तसे नाही. ते मुकाट वजनकाट्यावर उभे राहतात. म्हणून नियमांचे खरे पीक मधल्या वर्गातच येते, आणि ते पाहून माझ्यासारख्या निवृत्त मास्तराचे डोळे भरून येतात.

२०१० साली २५० सीसीचा जुना वर्ग मोडून हा मोटो-टू वर्ग काढला, तेव्हा सगळ्या स्पर्धकांना होंडाचे ६०० सीसीचे एकसारखे इंजिन दिले. २०१९ पासून ट्रायम्फचे तीन सिलिंडरांचे ७६५ सीसीचे इंजिन आले. त्या इंजिनाचा करार आता २०२९ पर्यंत लांबला आहे. इंजिन सीलबंद येते. कोणते कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. आत पाना घालायची सोय नाही. २०२४ पासून टायरही सगळ्यांचे पिरेलीचेच. गाडी आणि स्वार मिळून २१७ किलोच्या खाली उतरायचे नाही. स्वार वाळकुडा असेल तर गाडीला वजन बांधा.

एवढी समता आणल्यावर शर्यत लावायचे खरे तर काही कारण उरत नाही. तरी लावतात, आणि तरी कोणीतरी पहिला येतोच. इंजिनाला हात लावता येत नाही म्हणून सांगाडा, चाकांचे झोके आणि वळणावर कलण्याचा कोन ह्यांवर अमाप पैसा ओतला जातो. दार बंद करून खिडकीतून ये-जा करण्याच्या ह्या कलेला मी फार मानतो.

आता आपला गोंदिया जिल्हा. आमच्याकडे असले गुळगुळीत ट्रॅक नाहीत. पण धान कापून, चुरणे आटोपले की रिकाम्या बांध्यांत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. दिवसभर पट, रात्रभर झाडीपट्टीचे नाटक, आणि दुसऱ्या दिवशी गावभर जागरणाचे लाल डोळे. जोडी काही सेकंदांत सुटते आणि संपते. ह्या काही सेकंदांसाठी बैलांना वर्षभर दूध-अंडी खाऊ घालणारे शेतकरी मी पाहिले आहेत. नांगरणीला तेच शेतकरी ट्रॅक्टर बोलावतात, कारण पटाच्या बैलाला चिखलात घालणे म्हणजे पाप. शेतीला ज्याची गरज उरली नाही त्या बैलामुळे शेतकरी कर्जात जातो, ह्याहून निष्काम भक्ती कोणती?

कायद्यानेही ही भक्ती ओळखली आहे. २०११ साली केंद्राने बैलाला खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या यादीत टाकून बंदी घातली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीच बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायदा सुधारला आणि शंकरपट, छकडी, बैलगाडा अशी नावे कागदावर आणून नियम केले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. वर्षानुवर्षे बैल गोठ्यात उभा होता आणि त्याचे वकील दिल्लीत धावत होते.

नियम वाचनीय आहेत. धावपट्टी एक हजार मीटरांपेक्षा जास्त नको. आमचा पट त्याच्या कितीतरी आधी संपतो. उरलेले अंतर बहुधा सरकारजमा होत असावे. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत पन्नास हजारांची ठेव, पशुवैद्यकाचा दाखला. काठी, चाबूक, टोचायची तुतारी, विजेचा झटका, सगळे वर्ज्य. मोडाल तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे बैल कशाकशाने पळवायचा नाही ते नीट लिहिले आहे. कशाने पळवायचा, हे जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या आवाजावर सोडले आहे.

तरीही एक उणीव मला सलते. पटात जोड्यांचे गट पाडतात, आणि मधल्या ब गटाला स्वतःचे असे तांत्रिक नियमच नाहीत. म्हणून मोटो-टूवरून मी एक मसुदा केला. ब गटाच्या जोड्या आदल्या दिवशी समितीकडे जमा करायच्या. सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. सगळ्यांना एकाच नालबंदाचे नाल. धुरकरी, छकडी आणि जोडी मिळून एक किमान वजन. धुरकरी हाडकुळा असेल तर त्याच्या कमरेला तांदळाची पिशवी बांधावी. गोंदियात तांदळाला तोटा नाही. आणि मुख्य म्हणजे जोडीला सील.

बक्षिसाचा प्रश्नही मी न्यायाने सोडवला आहे. बैलांच्या शर्यतीत राज्यभर हल्ली मोटारसायकल बक्षीस देतात. मग मोटारसायकलच्या शर्यतीत बैलजोडी का नको? सप्टेंबर २०२३ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटो-टूची शर्यत पेद्रो अकोस्टाने जिंकली. त्याला करंडक देऊन स्पेनला रिकाम्या हातांनी परत पाठवले. ह्याला पाहुणचार म्हणत नाहीत.

हा मसुदा घेऊन मी एका म्हाताऱ्या धुरकऱ्याकडे गेलो. त्यांनी पटात उभी हयात घालवली आहे आणि एक गुडघाही. चिठ्ठ्यांपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकले. मग तंबाखू थुंकून म्हणाले, “अजी मास्तर, बैलाले सील कोठी लावाचा?”

हा प्रश्न तांत्रिक आहे, हे मी मान्य केले. ट्रायम्फला तो पडला नव्हता, कारण इंजिन मालकाला ओळखत नाही. बैल ओळखतो. परके हात कासऱ्याला लागले की तो जागचा हलत नाही, आणि घरच्या माणसाची हाळी कानावर आली की तो त्या दिशेने निघतो, मग धावपट्टी भले उलटीकडे असो. मी म्हटले, “काकाजी, म्हणूनच तर चिठ्ठ्या. घरची ओळख हाच पटातला गैरफायदा आहे. तो बंद व्हायला हवा.”

ते बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “टाका चिठ्ठ्या. हारलो त हारलो. पन रातच्याला माजी जोडी माज्याच कोठ्यात पायजे.”

ही दुरुस्ती मी नामंजूर केली. मोटो-टूमध्ये इंजिन शेवटी ज्याने दिले त्याच्याकडे परत जाते, स्वाराच्या घरी जात नाही, हे त्यांना समजावून सांगितले. ते ऐकत नव्हते. आतल्या बैलाने मान हलवली होती आणि ते त्याला पाणी दाखवायला उठले होते.